चोवीस गुणांची हार

वाचकहो, जिंकल्याची गोष्ट सांगायला गावात माणसे कमी नसतात. हरल्याची गोष्ट मात्र ज्याची त्याने गिळायची असते. मीही ही गोष्ट बरेच दिवस गिळून बसलो होतो. पण परवा पारावर कुणीतरी विषय काढला, चार माणसे हसली, त्यांच्याबरोबर मीही हसलो, आणि मग वाटले की आता ती तुम्हाला सांगायला हरकत नाही.

२०२३ सालच्या चैत्रात नदीपलीकडच्या गावच्या यात्रेत आमचा कबड्डीचा संघ हरला. १९ विरुद्ध ४३. म्हणजे चोवीस गुणांनी. ज्यांना हा खेळ कळतो त्यांना आकडा ऐकूनच समजेल की तो सामना नव्हता, मळणी होती, आणि आम्ही त्यातली कणसे होतो.

संघाचा कप्तान मी होतो. वय त्या वेळी अठ्ठेचाळीस. हसू नका. आमचा संघ हा काही नाव कमवायला निघालेला संघ नव्हे. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी आमचे गाव आहे. ऊस आणि हळद ही मुख्य पिके, आणि घरटी दोन-चार दुभती जनावरे. संध्याकाळी डेअरीला दूध घालायचे, गोठ्यात वैरण टाकायची आणि साडेसहाच्या सुमारास मराठी शाळेमागच्या मैदानावर जमायचे. हे मैदान आम्ही स्वतः केले. नदीकाठची गाळाची माती ट्रॉलीने आणून टाकली, पाणी मारले, रूळ फिरवला. दर रविवारी फक्कीने रेघा मारतो. आमच्यात एक गवंडी आहे, एक ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, एक खत-औषधांचा दुकानदार, एक मास्तर, बाकी आम्ही सगळे शेतकरी. वय अठ्ठावीसपासून माझ्यापर्यंत. तास-दीड तास खेळायचे, घामाने भिजायचे, कट्ट्यावर बसून उसाच्या बिलावर बोलायचे आणि घरी जायचे. आमची मंडळी नेहमी विचारते, "भांगलायला वाकलं की कंबर दुखती, मग मैदानात वाकल्यावर कशी दुखत न्हाई?" या प्रश्नाचे उत्तर मला आजवर सापडलेले नाही.

आता समोरच्यांची गोष्ट ऐका. नदीपलीकडचा संघ म्हणजे वीस-बावीस वर्षांची पोरे. त्यातली निम्मी पोलीस भरतीच्या आणि सैन्य भरतीच्या तयारीत. पहाटे पाचला कॅनॉलच्या रस्त्याने पाच किलोमीटर पळायचे, मग जोर-बैठका, मग सराव. सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार त्यांना शिकवतात. आठवड्यातून दोनदा ही पोरे तालुक्याच्या ठिकाणी जाऊन मॅटवर खेळतात. त्याआधीच्या तीन यात्रांत त्यांनी आम्हाला दहा-बारा गुणांनी हरवलेच होते. तेव्हा हरण्याचे आम्हाला फारसे दुःख नव्हते. बलवान गड्याबरोबर खेळून हरले तर अंगाला मातीच लागते, डाग लागत नाही, असे आम्ही आपापसांत म्हणत असू.

माझे वडील या खेळाला हुतूतू म्हणत. त्यांच्या तरुणपणी सुगी झालेल्या रानात, ढेकळे फोडून, सांजसकाळ हुतूतू चाले. दम संपेपर्यंत गडी आत घुमायचा. पुढे नियम बांधले गेले, मंडळे झाली. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी हा आपला खेळ तिथे करून दाखवला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकाचा मान मिळाला आणि पहिले सुवर्ण भारतानेच आणले. त्या वेळी मी पंधरा वर्षांचा होतो. शाळेच्या फळ्यावर गुरुजींनी ती बातमी रंगीत खडूने लिहिली होती. २०१४ पासून दूरदर्शन संचावर रोज रात्री कबड्डी दिसू लागली आणि गावोगावच्या यात्रांतून मातीच्या जागी मॅट आली. आता चढाईला तीस सेकंद. दोन चढाया कोरड्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, नाही तर बाहेर. खेळ वेगवान झाला, हे खरे. आमच्यासारख्यांना तो जरा जास्तच वेगवान झाला.

आता या गोष्टीतला मुख्य माणूस. माणूस कसला, पोरगाच. वय वीस. आमच्या मळीतल्या रानाला लागून ज्यांचे रान आहे, त्यांचा हा थोरला. त्याचा बाप आणि मी एका वयाचे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आमच्या गावच्या संघात डाव्या कोपऱ्याला तो आणि त्याच्या शेजारी मी, अशी आमची जोडी होती. साखळी धरायची म्हटली की त्याचा उजवा आणि माझा डावा हात. पंचक्रोशीतले लोक म्हणत, या दोघांचे हात पाळण्यातच चिकटलेत. बाहेरचा चढाईपटू आमच्या बाजूला यायला कचरायचा.

मग २०१९ साल आले. त्या ऑगस्टमधला महापूर सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला सांगावा लागत नाही. मळीत पुरुषभर पाणी होते. आमची दोन्ही घरे गावाच्या वरच्या अंगाला शाळेत राहायला गेली. जनावरे एका दाव्याला बांधली, भाकरी एका चुलीवर झाल्या. तेव्हा हा पोरगा सोळा वर्षांचा. आमची गाभण म्हैस त्याने छातीभर पाण्यातून दाव्याने ओढत वर आणली. पाणी होते तोवर आम्ही एका घरासारखे राहिलो. पाणी उतरले आणि बघतो तो मळीतला बांध नाहीसा झालेला. गाळ हातभर साचलेला, हद्दीचा दगड कुठे गेला पत्ता नाही. त्याने त्याच्या अंदाजाने बांध घातला. मला तो माझ्या रानात तीन हात आल्यासारखा दिसला. दोनशे पावलांच्या लांबीत तीन हात म्हणजे किती, तुम्हीच हिशेब करा. जेमतेम दोन गुंठे. तेवढ्यावरून त्याने मला आणि मी त्याला जे बोलायचे नव्हते ते बोललो, तेही बायकापोरांसमोर. त्यानंतर चार वर्षे आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. समोरून आला तर मी मोटार बंद आहे की चालू आहे ते बघायला वळायचो.

पोरगा मात्र मैदानावर यायचा. त्याला कुणी अडवले नाही, मीही नाही. चढाईला तो जन्मलेलाच होता. अंगाने सडपातळ, बोलायला गरीब, आणि बोनस रेषेवर त्याचा पाय असा पडायचा की पंचांनाच दोनदा बघावे लागे. वाचकांतल्या माताभगिनींसाठी सांगतो, समोर सहा किंवा सात गडी उभे असताना चढाईपटूने अगदी मागच्या बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवला आणि त्याच वेळी दुसरा पाय हवेत ठेवला, तर त्याला कुणाला न शिवताही एक गुण मिळतो. म्हणायला सोपे आहे. सात जणांच्या घेऱ्यात एका पायावर उभे राहायचे, म्हणजे उधळलेल्या बैलांच्या दावणीत शिरून शेण काढण्यासारखे आहे.

या पोराचे आजोळ नदीपलीकडचे. २०२२ च्या दिवाळीनंतर तो मामाकडे राहून भरतीच्या सरावाला जाऊ लागला आणि साहजिकच त्या सुभेदारांच्या पोरांबरोबर मॅटवर खेळू लागला. आमच्या मैदानावर तो आठवड्यातून दोन-तीन दिवसच दिसे. हे मला बरे निमित्त सापडले.

इथे मला एक जुनी आठवण सांगितलीच पाहिजे, म्हणजे माझा खोटेपणा तुमच्या लक्षात येईल. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जाकार्ताला आशियाई स्पर्धा झाल्या. आम्ही सारे दुकानदाराच्या घरी दूरदर्शन संचासमोर बसलो होतो. १९९० पासून सलग सात वेळा सुवर्णपदक आणणारा आपला पुरुषांचा संघ उपांत्य सामन्यात इराणकडून २७-१८ असा हरला. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना. तोही इराणनेच २७-२४ असा जिंकला. आणि त्या इराणी मुलींना शिकवून तयार करणाऱ्या बाई कोण, तर आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. दुकानदार चिडून म्हणाला, "आपल्याच माणसानं आपल्याला हरवलं की." त्यावर मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो होतो, "विद्येला गाव नसतं गड्या. शिकंल त्याची विद्या." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पुढे पाचच वर्षांनी हाच मी मंडळाच्या बैठकीत म्हणालो, "जो पोरगा पलीकडच्या गावात सराव करतो, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? आपल्या मैदानावर नियमानं येणाऱ्यावर अन्याव नको." बोलणे ऐकायला न्यायाचे होते. कुणी उलट बोलले नाही. पोराला संघात घेतले, पण बदली खेळाडू म्हणून. नऊ नंबरचा बनियन त्याला मिळाला.

सामन्याच्या रात्री आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पूल ओलांडून गेलो. मागे गावची पन्नासभर माणसे. ड्रायव्हर आमचा हुकमी चढाईपटू, पण त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती आणि त्याची पाण्याची पाळी. उसाला पाणी लावून तो सामन्याच्या दहा मिनिटे आधी मोटारसायकलवरून आला. पायाला चिखल तसाच. मॅटवर चिखल चालत नाही म्हणून पंचांनी त्याला पाय धुवायला पाठवले, तेव्हा बघणारे हसले. दुसरी अडचण बुटांची. मातीवर आम्ही अनवाणी खेळणारे. मॅटवर बूट लागतात. आमच्याकडे सात जणांत पाच जोड होते. मास्तरांनी मुलाचे बूट आणले होते, ते त्यांना आखूड झाले. मी नवे घेतले होते आणि तिथेच पहिल्यांदा पायात घातले. ज्यांच्या गावचे संघ मातीवरून मॅटवर जाणार असतील त्यांना कळकळीने सांगतो, बूट महिनाभर आधी घ्या आणि त्यात पळा. मातीवर वळताना पाय वीतभर घसरतो आणि गुडघा वाचतो. मॅटवर पाय टेकेल तिथेच चिकटतो, अंग मात्र वळत राहते.

पहिली पाच मिनिटे बरी गेली. चार-चार गुण झाले. आमच्या माणसांनी हलगी वाजवायला सुरुवात केली. मग सुभेदारांनी बाहेरून नुसता हात वर केला आणि पोरांनी खेळ बदलला. तोवर ती आमची पारख करत होती, हे आम्हाला उशिरा कळले. गवंड्याची चढाई उजवीकडून सुरू होते, मास्तर पाठ फिरवून परततात, ड्रायव्हर तिसऱ्या चढाईला उडी घेतो, हे सारे त्यांनी पाच मिनिटांत हेरले. मग गवंड्याला कोपऱ्यात, मास्तरांना कमरेत आणि ड्रायव्हरला उडी घ्यायच्या आधीच हवेत धरले. आमचे गडी एकामागून एक बाहेर. पहिला लोण चढला. सात जण पुन्हा आत आलो, जेमतेम दम घेतो तोच दुसरा लोण. मध्यंतराला ८ विरुद्ध २४.

त्या पाच मिनिटांची आठवण मला अजून होते. कुणी लिंबू चोखत होते, कुणी पाठीवर पडले होते. नऊ नंबरचा पोरगा पाण्याची कॅन घेऊन एकेकाला पाणी देत होता. त्याचे बूट बांधलेले होते. नाड्या दोन फेरे देऊन घोट्याला आवळलेल्या, जसा आत जाणारा माणूस आवळतो तशा. मला पाणी देताना तो क्षणभर थांबला. मी पाणी घेतले आणि दुसरीकडे बघितले.

मास्तर माझ्या कानाशी आले. "तात्या, नऊ नंबरला घ्या आत. माझ्या जागी घ्या, मला बूट लागायलेत."

मी म्हणालो, "जमलेली सात कशाला मोडायची?"

मास्तर म्हणाले, "मोडायची काय ऱ्हायलीत?"

शिट्टी झाली. मी तीच सात घेऊन आत गेलो.

उत्तरार्धात सुभेदारांनी त्यांचे बदली खेळाडू खेळवले. बलवान संघ असे करतो तेव्हा त्यात समोरच्याचा अपमान असतो की दया, हे मला ठरवता आलेले नाही. कदाचित दोन्ही नसेल, नव्या पोरांना यात्रेत उभे करायची त्यांची रीत असेल. त्या नवशिक्यांपुढे आम्ही अकरा गुण केले. तरीही त्यांनी एकोणीस केलेच. एक प्रसंग तेवढा सांगतो. आमचे चार गडी आत होते, दोन चढाया कोरड्या गेलेल्या, तिसरी चढाई गुणाचीच हवी होती. ड्रायव्हर बाहेर बसला होता. नियमाने आणि शहाणपणाने गवंड्याने जायला हवे होते. मी गेलो. का गेलो? अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाने गावासमोर एक गुण आणला तर बाकीचे सगळे झाकले जाईल असे वाटले असावे. दहा-बारा सेकंद इकडून तिकडे घुमलो. कोपऱ्यातल्या पोराने माझ्या डाव्या घोट्यात अशी पकड केली की मी उभाच्या उभा आडवा झालो, रोवलेली मेढी उपटावी तसा. पोराने लगेच हात देऊन मला उठवले आणि विचारले, "काका, लागलं न्हाई न्हवं?" घोटा दुखावला होता. पण त्या 'काका'ने जे लागले ते घोट्याच्या वरचे होते.

सामना संपल्यावर रीतीप्रमाणे हस्तांदोलन झाले. सुभेदार माझ्याजवळ आले. अदबीने म्हणाले, "तात्या, नऊ नंबर आजारी हाय काय?"

"न्हाई."

"मग बाहीर का बशीवला? आमी आठ दिस त्याच्यासाठनं डाव्या कोपऱ्याची साखळी बशीवत हुतो. आमच्यातच खेळतोय न्हवं पोरगा, पर त्याचा बोनसचा पाय अजून कुणाला घावला न्हाई." मग थोडे थांबून, हसून म्हणाले, "तुमी लई सोपं केलासा आमास्नी."

वाचकहो, तुम्हाला वाटेल की त्याला खेळवले असते तर आम्ही जिंकलो असतो. मुळीच नाही. पोरगा कितीही चपळ असला तरी एका बैलाने बारा कोसांची नांगरट होत नाही. आम्ही हरलोच असतो, दहा गुणांनी नाही तर बारा गुणांनी. मी पुष्कळ वेळा मनाशी हिशेब मांडला आहे. त्या चोवीस गुणांतले दहा-बारा गुण त्यांच्या ताकदीचे होते. ते मी मान खाली न घालता कबूल करतो. उरलेले दहा-बारा मात्र त्यांनी घेतले नव्हते, मी दिले होते. आणि ते आमच्या सहाही गड्यांना ठाऊक होते, हलगी वाजवणाऱ्याला ठाऊक होते, त्या पोरालाही.

परतताना ट्रॉलीत तो माझ्या शेजारी आला. टॉवेल गार पाण्यात भिजवून त्याने माझ्या घोट्याला गुंडाळला आणि म्हणाला, "तात्या, पाय वर ठेवा, सूज उतरती." बस्स, एवढेच. पूल येईपर्यंत मी काहीतरी बोलावे असे जुळवत होतो. पूल आला, गेला, गाव आले.

घरी मंडळी जागी होती. पायाकडे बघून तिने हळदीचा लेप करायला घेतला.

"किती?"

"चोवीसनं."

"त्यो पोरगा खेळला?"

"न्हाई."

ती लेप लावत राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग वाटी खाली ठेवून म्हणाली, "बांध तिथंबी नेलासा व्हय?"

त्या रात्री मला झोप आली नाही. पायामुळे, असे मी सकाळी सगळ्यांना सांगितले.

पुढचे आठ दिवस मैदानावर कुणी धड फिरकले नाही. पोरगा आला नाही. मास्तरांच्या परीक्षेच्या वह्या तपासायच्या होत्या म्हणे. गवंड्याला काम लागले. मी लंगडत जायचो आणि कट्ट्यावर एकटा बसून यायचो. फक्कीच्या रेघा पुसट झाल्या. नवव्या दिवशी मी प्रत्येकाच्या घरी जाऊन त्यांना बोलावून आणले आणि सांगितले की सरावाचे कारण खोटे होते, बांधाचे कारण खरे होते. हे वाक्य जुळवायला मला आठ दिवस लागले आणि बोलायला पाच सेकंदही लागली नाहीत. मास्तर म्हणाले, "आमाला ठावं हुतं, तात्या." ठाऊक होते तर बोलला का नाहीत, असे माझ्या तोंडावर आले होते. पण कप्तानाला बोलायची सोय मीच ठेवली नव्हती, तेव्हा गप्प बसलो. कप्तानपण तिथेच मास्तरांकडे दिले.

पोराला बोलावायला कुणाला पाठवायचे, यावर थोडे बोलणे झाले. मग मीच गेलो. त्यांच्या उंबऱ्याला पाय लावून चार वर्षे झाली होती. हळद शिजवण्याचे दिवस. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडलेली, सगळे अंगण पिवळे. शेजारी हळकुंडे खालीवर करत होता. मला बघून हात थांबला, पण उठला नाही.

"बांधाचं काढायला आलाईस का पोराला न्यायला?" त्याने विचारले.

"पोराला."

"मग बस."

मी पोत्यावर बसलो. वहिनींनी चहा आणला. चहा होईपर्यंत आम्ही दोघांनी हळदीच्या भावाखेरीज काही बोलणे केले नाही. भाव बरा होता की वाईट, तेही आता आठवत नाही. उठताना मी म्हणालो, "त्या दिवशी चुकलं माजं." तो म्हणाला, "त्या दिवशीचं पोराला सांग. मला २०१९ चं सांगायचं असलं तर सवडीनं ये." मी पोराला गोठ्यात गाठून सांगितले. तो वैरण टाकत होता. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तात्या. मास्तरास्नी बूट मोठं घ्याया सांगा पयलं."

बांधाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ते भिजत घोंगडे अजून तसेच आहे. सवडीने म्हणून मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा हळदीवर आणि पावसावर बोलून परत आलो. मात्र मोटारीच्या खोलीकडे वळायचे मी बंद केले आहे.

२०२४ च्या चैत्रात त्याच यात्रेत, त्याच मॅटवर, त्याच संघाबरोबर आम्ही पुन्हा खेळलो आणि पुन्हा हरलो. २८ विरुद्ध ३५. नऊ नंबरने एकट्याने तेरा गुण आणले. त्यातले पाच बोनसचे. सुभेदारांच्या साखळीत तो दोनदा सापडला, त्या दोन्ही वेळा त्यांनी आपल्या पोरांसाठी टाळी वाजवली आणि एकदा त्याच्यासाठीही वाजवली. मी मॅटच्या कडेला पाण्याची कॅन घेऊन बसलो होतो. शेजारी कोण येऊन बसले ते मी आधी पाहिले नाही. चढाई चालू होती.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "डावीकडच्या दोघांचा हात सुटतोय बघ."

"व्हय," मी म्हणालो.

"बोटात बोट घालत्यात म्हणून सुटतंय. मनगाट धराय पायजे."

"आपण मनगाटच धरत हुतो."

तो काही बोलला नाही. मध्यंतराची शिट्टी झाल्यावर त्याने मला कोपराने ढोसले आणि म्हणाला, "जा, सांग की पोरास्नी." मी कॅन उचलली आणि सांगायला गेलो.